मायकेल स्टिच : बेकरच्या सावलीत राहिला की त्याला ऊनच नको होतं?

आडवातिडवा

जर्मन टेनिस म्हटलं की लोक दोन नावं घेतात, बेकर आणि स्टेफी. जरा हल्लीचा माणूस असेल तर कर्बर आणि झ्वेरेव्ह. मधल्या मधे एक जण गायब होतो, त्याच्यासाठी हा धागा. मायकेल स्टिच.

एकदा नीट बघा तरी काय काय आहे याच्या नावावर. १९९१ चं विम्बल्डन सिंगल्स, १९९२ चं विम्बल्डन डबल्स, त्याच वर्षी बार्सिलोना ऑलिम्पिकमध्ये डबल्सचं गोल्ड, १९९३ ला वर्षअखेरची एटीपी चँपियनशिप आणि डेव्हिस कप (देशादेशांच्या संघांची स्पर्धा), वर यूएस ओपन आणि फ्रेंच ओपनच्या फायनल. एकूण १८ सिंगल्स टायटल, तीही ग्रास, क्ले, हार्ड, कार्पेट अशी सगळीकडे. रँकिंग २ पर्यंत. आणि तिशी यायच्या आत रॅकेट खुंटीला.

माझं मत स्पष्ट आहे, या माणसावर अन्याय झालाय. बेकर त्याच्यापेक्षा जेमतेम ११ महिन्यांनी मोठा. म्हणजे १९८५ मध्ये १७ वर्षांच्या बेकरने विम्बल्डन जिंकून सगळी जर्मनी वेडी केली तेव्हा स्टिच शाळेत जात होता. तो येईपर्यंत लोकांच्या मनातली जागा भरलेली होती. हाच माणूस दुसऱ्या कुठल्या देशात जन्मला असता तर देव झाला असता. तुम्हाला काय वाटतं? बेकरभक्तांचंही स्वागत आहे, फक्त चपला बाहेर काढून या.

चिंगी

रुमाल टाकून ठेवतेय. रात्री सविस्तर लिहीन. (मी बेकरभक्त, चपला घालूनच आलेय.)

रिमझिम

अन्यायबिन्याय काही नाही हो. माझ्यासारख्या त्या वेळच्या शाळकरी पोरींना तो माणूस बघवत नव्हता कारण त्याने बेकरला हरवलं, एवढं सरळ आहे ते. १९९१ ची फायनल दूरदर्शनवर बघितलीय. आदल्या दिवशी स्टेफीने सबातिनीला तिसऱ्या सेटमध्ये ८-६ असं कसंबसं हरवलं होतं, त्यामुळे घरात सगळे खूश, आता उद्या बेकर म्हणजे सोन्याहून पिवळं असा माहोल. आणि दुसऱ्या दिवशी हा उंच काडीपैलवान येऊन ६-४, ७-६, ६-४, सरळ तीन सेट! बेकर स्वतःशीच जर्मनमध्ये बडबडतोय, हातवारे करतोय, रॅकेटकडे बघतोय, आणि समोरच्याच्या चेहऱ्यावरची रेषा हलत नाही. मला तर तो माणूस भावनाशून्य वाटलेला.

आणि शेवटी काय झालं आठवतंय का कुणाला? अंपायर सवयीने 'गेम, सेट, मॅच, बेकर' म्हणून मोकळा झाला आणि मग त्याने नाव सुधारलं.

आडवातिडवा

@रिमझिम, अहो हेच तर म्हणतोय मी! माणूस आयुष्यातली सगळ्यात मोठी मॅच जिंकतो आणि खुर्चीतला माणूस दुसऱ्याचं नाव घेतो. याहून मोठा पुरावा काय देऊ?

शंकासुर

अंपायरची जीभ घसरली हा पुरावा नव्हे. बेकर सात वर्षांतली सहावी विम्बल्डन फायनल खेळत होता, त्या खुर्चीत मी असतो तरी तेच नाव तोंडातून गेलं असतं.

आता मुद्द्याचं बोलू. ग्रँडस्लॅम किती? सिंगल्सचं एक. बेकरची सहा, एडबर्गची सहा, कूरियरची चार. आपण एका ग्रँडस्लॅमवाल्याला इतरांच्या पंगतीत बसवून वर अन्याय अन्याय ओरडतोय. १९९४ ला विम्बल्डनला दुसरं सीडिंग (मानांकन) होतं साहेबांना. पहिल्या फेरीत कोणाकडून हरले? ब्रायन शेल्टन. पहिल्या शंभरातही नव्हता तो तेव्हा. त्याच वर्षी यूएस ओपनच्या फायनलला पोचले तर सीडिंग नसलेल्या अगासीने तीन सेटमध्ये गुंडाळलं, पहिला सेट ६-१. 'टॅलेंट होतं हो' हे वाक्य आपण ज्यांनी जिंकायचं तेवढं जिंकलं नाही त्यांच्यासाठी राखून ठेवलेलं असतं.

पिठलंभाकरी

ब्रायन शेल्टन म्हणजे आत्ताच्या बेन शेल्टनचे तीर्थरूप ना? म्हणजे स्टिचने त्या दिवशी हरून एका टेनिस घराण्याला हातभार लावला म्हणायचं. 😀

बॅकहँड_बापू

शंकासुर, तुमचे आकडे बरोबर आहेत पण आकड्यांच्या पलीकडे पण जरा बघा. मी पोरांना टेनिस शिकवतो, पुण्यात, बरीच वर्षं. सर्व्हिस शिकवताना बेकरचा व्हिडिओ दाखवत नाही, स्टिचचा दाखवतो. बेकर सर्व्हिस करायचा तेव्हा विहिरीतून भरलेली घागर ओढतोय असं वाटायचं, मागे झुकणं, गुडघे वाकवणं, जीभ बाहेर, सगळं अंग पणाला. परिणाम जबरदस्त, पण ते शरीर बेकरचं होतं, कॉपी करायला गेलं की पोराची कंबर जाते. स्टिचची सर्व्हिस म्हणजे टॉसपासून फॉलो थ्रूपर्यंत एकच सलग हालचाल, जोर लावलाय असं वाटतच नाही आणि बॉल मात्र टी वर जाऊन पडलेला. एकहाती बॅकहँड तर काय सांगू, रिटर्नला तोच बॅकहँड कधी सपाट मारायचा, कधी नुसता चिप करून पुढे यायचा, आणि मारेपर्यंत समोरच्याला पत्ता नाही.

रॅकेट फिशरची. ऑस्ट्रियाची कंपनी, जास्त नाव स्कीइंगमध्ये. तेव्हा आमच्या क्लबात एकाच्या काकांनी बाहेरून आणलेली ती स्टिचची फिशर होती, आम्ही सगळे ती एकदा हातात धरायला मिळावी म्हणून त्याच्या मागे मागे. डोकं लहान, वजनदार. नीट मधोमध बॉल लागला नाही तर मनगट झणझणायचं. असल्या रॅकेटने तो हाफ व्हॉली काढायचा.

आणि त्या १९९१ च्या विम्बल्डनचं फक्त फायनलच काय सांगता? ड्रॉ बघा. चौथ्या फेरीत व्होल्कोव्हविरुद्ध पाचव्या सेटमध्ये ७-५ ने वाचला. तिथून पुढे क्वार्टरला कूरियर, जो महिन्यापूर्वीच फ्रेंच ओपन जिंकून आलेला आणि ज्याने तिथे सेमीत स्टिचलाच हरवलेलं. सेमीला एडबर्ग, गतविजेता आणि नंबर एक. फायनलला बेकर. म्हणजे सीडिंग ४, १ आणि २, ओळीने. कूरियर आणि बेकरला एकही सेट दिला नाही.

चिंगी

बापू, एडबर्गची ती सेमी! मी एडबर्गवाली नव्हते तरी वाईट वाटलेलं. सर्व्हिस एकदाही ब्रेक झाली नाही, म्हणजे स्वतःच्या सर्व्हिसचा एकही गेम गेला नाही, आणि तरी मॅच हरला. असं कसं होऊ शकतं हे आमच्या आजोबांना समजावून सांगता सांगता नाकी नऊ आले होते.

बॅकहँड_बापू

होय, ४-६, ७-६, ७-६, ७-६. गंमत अशी की टायब्रेक (६-६ झाल्यावर सेट ठरवणारा गेम) बाजूला ठेवून गेम मोजले तर एडबर्गचे २४ आणि स्टिचचे २२. म्हणजे जास्त गेम जिंकणारा घरी गेला. अख्ख्या मॅचमध्ये सर्व्हिस ब्रेक झाली ती फक्त स्टिचची, पहिल्या सेटमध्ये.

ग्रासवर तेव्हा दोघंही सर्व्ह अँड व्हॉलीवाले (सर्व्हिस करून लगेच नेटकडे धावणारे) समोरासमोर आले की ब्रेक मिळणं म्हणजे लॉटरी, मग सगळा मामला टायब्रेकवर येतो, आणि टायब्रेकमध्ये सात पॉइंटचा खेळ. त्यात दोन चांगले रिटर्न ज्याचे लागले तो जिंकला. स्टिचचे रिटर्न नेमके तेव्हा लागले. याला नशीब म्हणायचं असेल तर म्हणा, पण ओळीने तीन टायब्रेक नशिबाने जिंकता येत नाहीत, आणि समोर एडबर्ग असताना तर नाहीच. आणखी एक योगायोग, टायब्रेक ज्यांच्या डोक्यातून निघाला ते अमेरिकेचे जिमी व्हॅन ॲलन त्याच आठवड्यात वारले.

पिठलंभाकरी

आजोबा म्हणाले असतील, मग ते गेले ते बरंच झालं.

चिंगी

जवळजवळ तेच म्हणाले 😀

सातारी_कंदी

अवांतर : त्या काळात विम्बल्डन म्हणजे आषाढ, पाऊस आणि लाईट जाणे हे एक पॅकेज होतं. इकडे पाऊस, तिकडे पण पाऊस. १९९१ ला तर तिकडे पहिल्या आठवड्यात एवढा पाऊस झाला की विम्बल्डनवाल्यांना इतिहासात पहिल्यांदा मधल्या रविवारी मॅच ठेवाव्या लागल्या. आमच्याकडे अँटेना फिरवायला एक जण पत्र्यावर, एक जण खिडकीत, एक जण टीव्हीसमोर. 'आलं का?' 'आलं आलं, गेलं!' असं करत करत सेट संपायचा. पत्र्यावरच्या माणसाला स्कोअर शेवटी कळायचा.

आडवातिडवा

सातारी, आमच्याकडे पत्र्यावर मीच असायचो. पण धागा दूरदर्शनकडे नेऊ नका रे, परत येत नाही मग.

एल्बेकाठी

मी हॅम्बुर्गमध्ये राहते, १४-१५ वर्षं झाली, म्हणून थोडी इकडची बाजू लिहिते.

स्टिच इकडचा. जन्म पिनेबर्गचा आणि वाढला एल्म्सहॉर्नला, दोन्ही हॅम्बुर्गच्या वायव्येची लहान गावं, लोकल ट्रेनने जाता येतं. बेकर आणि स्टेफी दोघं दक्षिणेकडचे, बेकर लायमेनचा, स्टेफी ब्र्यूलची, हायडेलबर्गच्या आसपास, दोघं लहानपणी एकत्र सराव करायचे. म्हणजे जर्मन टेनिसचा सगळा महिमा तिकडच्या पन्नासेक किलोमीटरमध्ये, आणि हा एकटा वरच्या टोकाला.

दुसरी गोष्ट, हा माणूस आबिटूर करून मग प्रोफेशनल झाला. आबिटूर म्हणजे आपल्या बारावीसारखं पण बरंच अवघड प्रकरण, त्याच्यावर युनिव्हर्सिटी ठरते. बेकर शाळा सोडून टेनिसमध्ये गेला आणि १७ व्या वर्षी चँपियन झाला. हा १९ पूर्ण होईस्तोवर शाळेतच. त्यामुळे बेकर जर्मनांच्या डोळ्यांदेखत मोठा झाला, अख्ख्या देशाने त्याला आपला पोरगा मानला, त्याची चिडचिड, पडणं, डाइव्ह मारणं, अंगाला लागलेली माती सगळं त्यांच्या घरचं झालं. स्टिच आला तोच पूर्ण वाढलेला, स्वतःची मतं असलेला, मुलाखतीत गोड न बोलणारा. लोकांना लाड करायला काही उरलंच नव्हतं.

इथे वयस्कर माणसांशी बोलले की ते बेकरबद्दल तासभर बोलतात, त्यात कौतुक पण आणि नंतरच्या कोर्टकचेऱ्या, दिवाळखोरी, लंडनचा तुरुंग वगैरेवर उसासे पण. स्टिचचं नाव काढलं की मान डोलावतात आणि म्हणतात, हो, फार सुंदर खेळायचा. एवढंच. पुढे वाक्य नाही.

रिमझिम

एल्बेकाठी, काय सुंदर लिहिलंत. 'लाड करायला काही उरलंच नव्हतं' हे पटलं. आम्ही इथे बसून पण बेकरचे लाडच करत होतो की.

शंकासुर

प्रतिसाद उत्तम, पण मग आडवातिडवा यांच्या 'अन्याय'चं काय झालं? एल्बेकाठींच्या म्हणण्यानुसार लोकांनी त्याला ओळखलं, मान दिला, फक्त जीव लावला नाही. जीव लावणं ही काय सक्तीची गोष्ट आहे का? मलाही माझ्या ऑफिसात मान देतात.

पिठलंभाकरी

देतात का नक्की? 😀

फोंडेकार

१९९२ विसरलात की काय सगळे? माझ्या मते त्याचं खरं वर्ष ते. विम्बल्डनला सिंगल्समध्ये क्वार्टरला सँप्रसने धुतला, पण डबल्समध्ये पार्टनर कोण? जॉन मॅकेन्रो! वय ३३, शेवटचे दिवस. फायनल ग्रॅब आणि रेनेबर्गशी. पाचवा सेट १३-१३ वर असताना अंधार पडला म्हणून थांबवली, दुसऱ्या दिवशी सोमवारी पुढे चालू, आणि शेवटी १९-१७. पाच तासांच्या वर चालली ती मॅच. मॅकेन्रोचं विम्बल्डनचं ते शेवटचं टायटल. लोक मॅकेन्रोला शेवटचं बघायचं म्हणून सोमवारी जमले होते आणि त्याच्या शेजारी हा. परत दुसऱ्याच्याच सोहळ्यात पाहुणा, बघा.

मग महिन्याभरात बार्सिलोना. तिथे पार्टनर बेकर. दोघांचं फारसं पटत नव्हतं हे जगजाहीर होतं, आणि तरी क्वार्टरला स्पेनच्या कसाल आणि सांचेझला त्यांच्याच घरात, त्यांच्याच पब्लिकसमोर, क्लेवर, पाच सेटमध्ये हरवलं आणि पुढे फायनलला दक्षिण आफ्रिकेच्या फरेरा आणि नॉर्व्हलला हरवून गोल्ड. बोलायचं नाही, फक्त खेळायचं. माझ्या चुलत्यांची भागीदारी अशीच होती, दुकान उत्तम चाललं.

बॅकहँड_बापू

त्याच ऑलिम्पिकमध्ये आपले रमेश कृष्णन आणि लिअँडर पेस डबल्सच्या क्वार्टरपर्यंत गेले होते, आठवतंय का? इव्हानिसेविच आणि प्रपिच या क्रोएशियाच्या जोडीकडून हरले. एक मॅच जिंकली असती तर ब्राँझ नक्की होतं कारण तेव्हा हरणाऱ्या दोन्ही सेमीफायनलिस्टना ब्राँझ द्यायचे. पेस तेव्हा १९ चा. चार वर्षांनी अटलांटाला त्याने सिंगल्समध्ये कसर भरून काढली ते सोडा, पण १९९२ ची ती हुरहुर अजून आहे.

आडवातिडवा

फोंडेकार, बरोबर, पण १९९२ नाही, १९९३. मी तर म्हणेन १९९३ हे वर्ष बघितल्यावर सावलीबिवलीचा विषयच संपतो. हॅम्बुर्गला घरच्या लोकांसमोर क्लेवर जिंकला. त्यानंतर हॅम्बुर्ग जिंकणारा पुढचा जर्मन थेट २०२३ ला झ्वेरेव्ह, म्हणजे मधे तीस वर्षं. पुढच्याच महिन्यात क्वीन्सला ग्रासवर जिंकला. वर्षाच्या शेवटी फ्रँकफुर्टला एटीपी चँपियनशिपच्या फायनलमध्ये सँप्रसला ७-६, २-६, ७-६, ६-२. ही मी केबलवर प्राइम स्पोर्ट्सला बघितलीय, दुसऱ्या दिवशी पेपर होता तरी. सँप्रस म्हणजे नंबर एक, त्या वर्षीचा विम्बल्डन आणि यूएस ओपनवाला, आणि चौथ्या सेटमध्ये त्याला काय करावं कळत नव्हतं. एकंदर हिशोबातही स्टिच सँप्रसविरुद्ध ५-४ असा पुढे आहे. सँप्रसविरुद्ध पुढे असलेले किती लोक दाखवता?

आणि डिसेंबरमध्ये ड्युसेलडॉर्फला डेव्हिस कप फायनल, ऑस्ट्रेलिया समोर, ४-१. त्या वर्षी बेकर डेव्हिस कप खेळलाच नव्हता. स्टिचने फायनलमध्ये दोन सिंगल्स जिंकल्या आणि क्यूनेनबरोबर डबल्समध्ये वुडब्रिज-वुडफर्डला हरवलं. वुडीजना, त्या नावाजलेल्या डबल्स जोडीला! म्हणजे चारपैकी तीन पॉइंट याचे. बेकरशिवाय जर्मनीने जिंकलेला तो एकच डेव्हिस कप आहे.

शंकासुर

सँप्रस ५-४ मान्य. बेकरविरुद्ध ४-८, तेही सांगा ना. १९९३ च्याच विम्बल्डनला क्वार्टरमध्ये पाच सेट खेळून बेकरकडूनच हरला.

आणि डेव्हिस कपचा विषय काढलाच आहे तर १९९५ काढू. मॉस्को, सेमीफायनल. जर्मनी पहिल्या दिवशी २-० पुढे. डबल्स बेकर-स्टिच पाच सेटमध्ये हरले. रविवारी बेकर पाठदुखीमुळे बाहेर, त्याच्या जागी कारबाखर, तो काफेल्निकोव्हकडून हरला. २-२. आता स्टिच विरुद्ध चेस्नोकोव्ह. स्टिचला किती मॅच पॉइंट मिळाले? नऊ. नऊ मॅच पॉइंट घालवून १४-१२ ने पाचवा सेट हरला. बेकर असता तर नवांपैकी एक तरी त्याने दातात धरून घेतला असता. हा फरक आहे, आणि लोकांना तो कळतो. लोक मूर्ख नसतात.

चिंगी

बापरे, नऊ? हे मला माहीतच नव्हतं. बिचारा.

बॅकहँड_बापू

शंकासुर, त्या मॉस्कोच्या मॅचबद्दल अर्धंच सांगताय. रशियनांनी क्लेवर इतकं पाणी मारलं होतं की कोर्टाचा चिखल झालेला, बॉल उसळेना. त्याबद्दल त्यांना नंतर दंड झाला. सर्व्हिसवर जगणाऱ्या माणसाला असल्या कोर्टवर नऊ मॅच पॉइंटपर्यंत पोचणंच मोठं होतं. चेस्नोकोव्ह तर चिखलात दिवसभर उभा राहील असला चिवट गडी.

पण हे मान्य, की त्या एका मॅचने त्याच्याबद्दलचं मत पक्कं झालं. लोकांना जे आधीच वाटत होतं त्याला शिक्का मिळाला. बेकर हरला असता तर 'काय झुंजला' म्हणाले असते.

एल्बेकाठी

बापूंशी सहमत. माझे शेजारी (सत्तरीतले) अजून मॉस्को म्हटलं की डोक्याला हात लावतात. विम्बल्डन आठवायला त्यांना दोन सेकंद लागतात, मॉस्को मात्र लगेच.

पिठलंभाकरी

पैशांचं कोणी काढलं नाही अजून. १९९२ च्या शेवटी म्युनिकला ग्रँडस्लॅम कप नावाची स्पर्धा होती, फायनलला चँगला हरवून स्टिचला २० लाख डॉलर मिळाले. तेव्हाच्या भावाने पाच कोटींच्या वर! एका आठवड्याचे! त्या काळात आमच्या गल्लीत सर्वात श्रीमंत माणसाकडे मारुती ८०० होती. मला इतके पैसे मिळाले असते तर मीही चेहऱ्यावरची रेषा हलवली नसती, कुणी मागायला येऊ नये म्हणून.

रिमझिम

😂😂

मला एक विचारायचंय. तो इतक्या लवकर का थांबला? बेकर १९९९ पर्यंत अधूनमधून खेळत होता ना?

फोंडेकार

दुखापती. १९९५ च्या शेवटी घोटा गेला, ऑपरेशन. त्यातून उठून १९९६ ची फ्रेंच ओपन खेळायला आला, कुणाची काही अपेक्षा नाही, आणि चौथ्या फेरीत थॉमस मुस्टरला हरवलं. मुस्टर म्हणजे तेव्हा क्लेवर यमराज, गतविजेता. तिथून फायनलपर्यंत गेला. काफेल्निकोव्हने तीन सेटमध्ये हरवलं पण स्कोअर बघा, ७-६, ७-५, ७-६. ग्रासवाला समजला जाणारा माणूस पॅरिसच्या फायनलमध्ये. एडबर्ग एकदा पोचला, सँप्रस आणि बेकर कधीच पोचले नाहीत.

मग खांदा. १९९७ चं विम्बल्डन हे शेवटचं असं त्याने ठरवलं. क्वार्टरमध्ये टिम हेन्मनला इंग्लंडमध्ये त्याच्या लोकांसमोर ६-२, ६-२, ६-४. सेमीला सेड्रिक पिओलिन, पाच सेट, पाचवा ६-४ ने गेला. संपलं. वय २८. विम्बल्डनच्या सेमीत खेळून कोण रिटायर होतं सांगा?

चिंगी

आणि त्याच विम्बल्डनला बेकरनेही सँप्रसकडून हरल्यावर आता परत येणार नाही म्हणून सांगितलं होतं! सगळे पेपर बेकरच्या निरोपाने भरलेले. म्हणजे स्टिचचा निरोप पण बेकरखाली दबला. (आणि बेकर दोन वर्षांनी परत आलाच. भक्तांना माहीत होतं.)

आडवातिडवा

चिंगीताई, धन्यवाद, तुम्ही माझ्याच बाजूने बोलताय हे लक्षात आलंय ना?

शंकासुर

मला यात अन्याय नाही, उलट दुसरंच दिसतंय. २८ व्या वर्षी, विम्बल्डनची सेमी खेळण्याइतका खेळ शिल्लक असताना, खांदा दुखतोय म्हणून जो माणूस शांतपणे निघून जातो त्याला मुळात या सगळ्याची भूकच तेवढी नव्हती. बेकरला कोर्टवर असल्याशिवाय जगता येत नव्हतं, म्हणून तो पडला, रडला, परत आला, आणि पुढे आयुष्यात पण तसंच वागला. स्टिचकडे दुसरी आयुष्यं होती. हे मी टीका म्हणून लिहीत नाहीये.

बॅकहँड_बापू

शंकासुर आणि टीका नाही? कुणीतरी स्क्रीनशॉट काढा.

पण हे पटलं. भूक वेगळी आणि कौशल्य वेगळं. माझ्याकडे अशी पोरं येतात. हात असा की बघत राहावं, आणि बोर्डाच्या परीक्षेनंतर एक दिवस येऊन सांगतात, सर मी आता इंजिनियरिंग करतोय. आईबाप रडतात, मी रडतो, पोरगं मात्र मजेत.

एल्बेकाठी

दुसऱ्या आयुष्यांबद्दल सांगते. १९९४ मध्ये, म्हणजे खेळत असतानाच, त्याने एचआयव्ही बाधित मुलांसाठी स्वतःची फाउंडेशन काढली. त्या काळात एड्स म्हटलं की लोक चार पावलं लांब सरकायचे, आणि प्रायोजकांना आवडेल असा तो विषय नव्हता.

मग २००९ ते २०१८ तो इथल्या रोथेनबाउमच्या स्पर्धेचा, म्हणजे हॅम्बुर्गच्याच त्या क्लेवरच्या स्पर्धेचा, डायरेक्टर होता. नेमकं २००९ ला हॅम्बुर्गचा मास्टर्सचा (ग्रँडस्लॅमखालोखालच्या स्पर्धांचा) दर्जा गेला होता, तारीख मे मधून जुलैत गेली, विम्बल्डन संपल्या संपल्या, मोठे खेळाडू यायला तयार नाहीत. तशात त्याने ती जगवली. २०१३ ला फेडरर आला होता, मोठ्या डोक्याची नवीन रॅकेट घेऊन, आणि सेमीत अर्जेंटिनाच्या डेलबोनिसकडून हरला, तेव्हा मी स्टेडियममध्ये होते. स्टिच कोपऱ्यात उभा, हाताची घडी, चेहऱ्यावरची रेषा (रिमझिम म्हणतात तशी) जागच्या जागी. तिकीट विक्री त्या आठवड्यात चिक्कार झालेली असणार, तरीही.

२०१८ ला हॉल ऑफ फेममध्ये घेतलं त्याला.

आडवातिडवा

२०१८! रिटायर झाल्यावर २१ वर्षांनी. बेकरला कधी घेतलं? २००३. मी माझा मुद्दा सोडत नाही.

शंकासुर

सहा भागिले एक. गणित करा.

सातारी_कंदी

हा वाद संपायचा नाही. मी एक वेगळंच निरीक्षण टाकतो. हॅम्बुर्ग आणि परिसरातले तीन पुरुष खेळाडू घ्या. स्टिच, टॉमी हास, झ्वेरेव्ह. तिघांचं सर्वोच्च रँकिंग किती? स्टिच १९९३ ला दोन. हास २००२ ला दोन. झ्वेरेव्ह २०२२ ला दोन, अजून तरी. तिघांकडे ऑलिम्पिक मेडल, स्टिचचं डबल्समधलं गोल्ड, हासचं सिडनीचं सिल्व्हर, झ्वेरेव्हचं टोकियोचं गोल्ड. आणि एक नंबर तिघांनाही नाही.

चिंगी

अय्या खरंच की!

पिठलंभाकरी

बंदराचं शहर आहे हो, दोन नंबरचा धंदा चालायचाच.

एल्बेकाठी

😂 हे मी शेजाऱ्यांना जर्मनमध्ये कसं सांगू आता!

बॅकहँड_बापू

हासवर वेगळा धागा काढा कुणीतरी. एकहाती बॅकहँडवाल्यांची यादी करायची झाली तर तो वरच्या पाचात. इथे लिहायला लागलो तर आडवातिडवा मला पत्र्यावर चढवतील.

आडवातिडवा

काढा काढा. फक्त शीर्षकात बेकरचं नाव टाकू नका.